भांडी आटोपून काढलेला मोर्चा

आमचा मोर्चा दुपारी निघाला, कारण सकाळी भांडी होती.

ऑफिसात कुणाला हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं मी काहीतरी चटपटीत बोलले. तसं काही नाही. जे झालं ते असंच झालं.

आमची वस्ती ओढ्याकाठी होती, सदाशिव पेठेच्या मागच्या अंगाला. वस्तीतल्या बहुतेक बायका पेठेत धुणीभांडी करायच्या. माझी आईसुद्धा. वडील मी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून घर आईच्या हातांवर चालत होतं. हात कसले, बारा महिने पाण्यात राहून बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. रात्री ती त्यांत व्हॅसलीन भरायची आणि सकाळी भांड्याची पावडर ते काढून टाकायची.

शहरात तेव्हा नुकतंच संगणकाचं वारं शिरलं होतं. ज्याचा मुलगा अमेरिकेत, तो बाप चालताना सुद्धा वेगळा चालायचा. पुणं आता जगाच्या नकाशावर येणार, असं पेपरात रोज छापून यायचं. पुण्याला नकाशावर यायचं होतं म्हणून आम्हाला नकाशावरून जायचं होतं. इंजिनियर लोकांना कंपनीत वेळेवर पोचता यावं म्हणून ओढ्याच्या कडेने रस्ता काढायचं ठरलं, आणि ओढ्याच्या कडेला आम्ही होतो.

सरकार दुष्ट नव्हतं, असं सगळे सांगायचे. हडपसरच्याही पलीकडे, जिथे तेव्हा उसाची रानं होती, तिथे चार मजली इमारती बांधल्या होत्या. दर कुटुंबाला एक खोली, तीही फुकट. हा 'फुकट' शब्द साहेब मंडळी अशा काही सुरात म्हणायची, की ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावं. खोली फुकट होती हे खरं. पण तिथून पेठेत यायला दोन बस बदलाव्या लागणार होत्या, आणि आईचं पहिलं काम सकाळी सहाला असायचं. काम गेलं असतं तर फुकट खोलीत बसून आम्ही काय खाल्लं असतं, याचं उत्तर कुठल्याच धोरणात नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि संध्याकाळी संगणकाचा कोर्स करत होते. आईचं काम सुटलं तर माझा कोर्स सुटणार, इतका सरळ हिशोब होता.

वस्ती खवळली. आणि आश्चर्य म्हणजे पेठही खवळली.

ज्या बायकांनी जन्मात कधी ओढ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, वास येतो म्हणून त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवल्या होत्या, त्या आता अन्यायाबद्दल बोलायला लागल्या. मला आधी वाटलं, माणुसकी जागी झाली. मग एकदा जिन्यात दोघींचं बोलणं कानावर पडलं. एक म्हणत होती, "अहो, ह्या सगळ्या तिकडे गेल्या तर सकाळचं करायचं काय? माझी तर कंबर गेलेली." दुसरी म्हणाली, "म्हणूनच म्हणते, आवाज उठवला पाहिजे." आमच्या घरासाठी नाही, त्यांच्या भांड्यांसाठी पेठ पेटली होती. पण बुडत्याने काडीची जात विचारू नये, म्हणून मी गप्प राहिले.

या पाठिंब्याच्या प्रमुख होत्या एक निवृत्त प्राध्यापक बाई. अर्थशास्त्र शिकवायच्या. आई त्यांच्याकडे मी लहान असल्यापासून कामाला होती. बाईंबद्दल मला सरळ वाईट बोलता येत नाही, हीच अडचण आहे. त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी अभ्यास करायचे आणि त्या मला फुलाफुलांच्या कपातून चहा द्यायच्या. विषमतेवर त्या इतकं तळमळून बोलायच्या की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

आईचा कप मात्र मोरीच्या खिडकीत असायचा.

पेठेत ही रीतच होती. प्रत्येक घरात कामवालीचा कप निराळा, कान तुटलेला, नाहीतर टवका उडालेला. काम झालं की त्यात चहा ओतायचा, तिने उभ्याने नाहीतर मोरीच्या उंबऱ्याशी बसून तो प्यायचा, आपला कप आपण विसळायचा आणि परत खिडकीत पालथा घालायचा. हे कुणी कुणाला सांगत नसे. आम्ही बौद्ध आहोत म्हणून आमच्यासाठी काही खास वेगळं नव्हतं, असं बाई म्हणायच्या. सगळ्याच कामवाल्यांचं तसं असतं. तेही खरंच असेल. एकाच घरात, एकाच पातेल्यातला चहा, मी टेबलावर फुलांच्या कपातून प्यायचे आणि आई मोरीशी बसून तुटक्या कपातून. मी एकदा आईला म्हटलं तर ती म्हणाली, "चहा त्योच हाय की. कप काय खायचा हाय व्हय?"

तर मोर्चाची बैठक बाईंच्या दिवाणखान्यात भरली. पेठेतल्या बायका खुर्च्यांवर, वस्तीतल्या सतरंजीवर. वस्तीतला एक कार्यकर्ताही होता, पांढरा शर्ट, खिशाला पेन. कुठल्या पक्षाचा ते दर निवडणुकीला बदलायचं. पहिला प्रश्न वेळेचा निघाला. कार्यकर्ता म्हणाला सकाळी दहाला निघू, म्हणजे रस्त्याचं काम बघणारे साहेब ऑफिसात सापडतील. खुर्च्यांवर चुळबुळ झाली. एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "दहाला जरा घाई होईल ना. सकाळी सगळ्यांचीच धावपळ असते." धावपळ कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. सतरंजीवरून माझ्या आईनेच उत्तर दिलं. ती म्हणाली, "खाडा कशाला करायचा? बारा-साडेबारापर्यंत समद्यांचं आटपतंय. मंग निगू."

खुर्च्यांवर सगळ्यांना हायसं वाटलं. मला आईचा असा राग आला की काय सांगू. जगात संप म्हणजे काम बंद. गिरणी कामगार संप करतात तेव्हा भोंगा बंद असतो. आणि आमच्या बायका निषेध करायला निघाल्या होत्या त्या मालकिणींची कढई चकचकीत करून, ओटा पुसून, ओलं फडकं दोरीवर टाकून. एक दिवस, फक्त एक दिवस पेठेतलं एकही भांडं घासलं गेलं नसतं, तर संध्याकाळपर्यंत साहेबाच्या टेबलावर फोनांचा पाऊस पडला असता. साहेबाच्या घरीही भांडी असतीलच की. हे मी आईला घरी गेल्यावर बोलले. ती म्हणाली, "लोकांची खरकटी तशीच पडतील त्यात काय शोभा?"

दुसरा प्रश्न घोषणांचा. बाईंनी रात्री जागून घोषणा लिहिल्या होत्या. एक होती, 'विकासाला मानवी चेहरा द्या.' आमच्या शेजारच्या मावशींनी ती दोनतीनदा म्हणून पाहिली आणि विचारलं, "कुणाच्या चेहऱ्याचं म्हणताय?" बाईंनी समजावलं. मावशींनी मान हलवली आणि मोर्चात आपली स्वतःचीच घोषणा दिली: "जिथं काम, तिथं घर!" सगळ्या वस्तीला ती लगेच पाठ झाली. मानवी चेहऱ्याचा फलक तेवढा मला धरायला दिला, कारण मी शिकलेली.

तर दुपारी निघालो. दुपारी पुण्यात मोर्चा काढायचा म्हणजे रिकाम्या घरात जाऊन भांडण्यासारखं आहे. दुकानांची शटरं खाली. रस्त्यावर ऊन आणि कुत्री. आम्ही घसा फोडून ओरडतोय आणि ऐकायला कुणी नाही. एका गॅलरीत बनियन घातलेले गृहस्थ आले. मला वाटलं, चला, एक तरी माणूस. ते म्हणाले, "अहो, आपलं सगळं रास्त आहे, पण जरा हळू. घरात माणसं झोपली आहेत." आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या बायकांनी खरोखर आवाज कमी केला! त्यांच्यातली एक त्याच घरात कामाला होती. म्हाताऱ्यांची झोप मोडली तर संध्याकाळी चहाच्या वेळी बोलणी बसणार, हे तिला माहीत होतं.

पुलाच्या अलीकडे सिग्नलला आम्ही थांबलो. हो, मोर्चा सिग्नलला थांबला. पोलिसाने हात दाखवला नव्हता, पण लाल दिवा होता आणि बाईंनी शिस्तीबद्दल आधीच बजावलं होतं. शेजारी मोटरसायकलवर एक मुलगा होता, गळ्यात कंपनीचं कार्ड लटकवलेला. त्याने मला विचारलं, "किस चीज का मोर्चा है?" मी मराठीतच सांगितलं की आमची घरं पाडून रस्ता काढतायत. तो म्हणाला, "पण रोड तर पाहिजेच ना यार. रोज किती ट्रॅफिक लागतो." असं म्हणताना तो अगदी सहज हसला. त्याच्या मनात पाप नव्हतं. पाप नसलेल्या माणसांनीच आमचं सगळ्यात जास्त वाटोळं केलं, असं माझं मत आहे.

कार्यालयाच्या दारात मोर्चा अडवला आणि शिष्टमंडळ आत बोलावलं. शिष्टमंडळ म्हणजे प्राध्यापक बाई, त्यांच्या शेजारच्या एक बाई, पांढऱ्या शर्टाचा कार्यकर्ता, आई आणि मी. आई का, तर बाई म्हणाल्या, "प्रत्यक्ष बाधित व्यक्ती हवी." आईने पदर सारखा केला आणि चपला केबिनच्या बाहेर काढल्या. बाकी कुणी काढल्या नाहीत.

आत एसी होता. उन्हातून आल्यामुळे अंगावर काटा आला. भिंतीवर शहराचा मोठा नकाशा होता. त्यात ओढा निळा होता, रस्ता लाल होता, आणि आमची वस्ती होती तिथे नुसता पांढरा कागद होता. साहेब तरुण होते, चष्मेवाले, अत्यंत सभ्य. प्राध्यापक बाईंना बघून उठून उभे राहिले. "या, बसा. आपलं नाव ऐकून होतो," म्हणाले. कार्यकर्त्याकडे पाहून हसून मान हलवली, म्हणजे ओळख जुनी असावी. आईकडे पाहून त्यांनी शिपायाला सांगितलं, "ह्यांना पण खुर्ची दे." 'पण' या शब्दाचा मला अजून राग येतो.

बाईंनी भाषण चांगलं केलं. आकडे दिले, परदेशातली उदाहरणं दिली. साहेब प्रत्येक वाक्याला "अगदी बरोबर" म्हणत होते. सरकारी माणूस "अगदी बरोबर" म्हणायला लागला की समजावं, काही होणार नाही. मग बाई आईला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बोला." आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, निम्मी खुर्ची रिकामी. ती म्हणाली, "सायेब, तुमचं घर चांगलंच आसंल. पक्कं आसंल. पन आमचं काम हितं हाय. काम न्हाई तर घर काय चाटायचं?"

एवढंच. चार वाक्यांत तिने सगळं सांगितलं होतं. साहेबांनी मान हलवली, घसा साफ केला आणि म्हणाले, "चहा मागवतो तुमच्यासाठी."

चहा आला. पाच कप, पाच बशा, सगळे एकसारखे, पांढरे, कडेला सोनेरी रेघ. मी आईकडेच बघत होते. तिने कप दोन्ही हातांनी धरला. बाईंच्या शेजारी, बाईंच्यासारख्याच कपातून, खुर्चीवर बसून माझी आई चहा पीत होती. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, मोर्चाने दुसरं काही नाही तरी एवढं दिलं.

चहा संपला. आणि आई उठली. तिने आपला कप उचलला. मग आपला एकटीचाच कसा न्यायचा, म्हणून शेजारचा उचलला, मग कार्यकर्त्याचा, मग माझा, आणि पाचही कप एकात एक घालून, बशा खाली धरून ती केबिनच्या बाहेर गेली. कुणी तिला अडवलं नाही. अडवण्यासारखं काही घडतंय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. बाईंनी तर बोलता बोलता आपला कप तिच्या हातात दिला, वर न बघता, रोज देतात तसा.

मी मागे धावले. बोळात पिण्याच्या पाण्याजवळ एक बेसिन होतं, तिथे ती कप विसळत होती.

"आई, ठेव ते! आपण भांडायला आलोय इथे, भांडी घासायला नाही."

"आगं, झालंच. पाच तर हायत."

"शिपाई आहे इथे. तो धुवेल."

"वाळलं की साय चिकटती मग," ती म्हणाली. "आपण पेलो, आपण इसळायचं. त्याला काय लाज?"

मी एक कप तिच्या हातातून ओढला. ती सोडेना. सरकारी बोळात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, आम्ही मायलेकी एका कपासाठी झोंबत होतो. मी तिला नको ते बोलले. तुला खुर्चीची सवयच नाही, म्हणाले. तीही चिडली. म्हणाली, "चार बुकं शिकलीस म्हून आयेला अक्कल शिकवू नकोस." मग तिने तो कपही धुतला, सगळे पालथे घातले, पदराला हात पुसले, आणि आम्ही परत गेलो.

आत सगळे उभे होते आणि सगळे हसत होते. प्राध्यापक बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काम झालं!" म्हणाल्या.

झालं असं होतं. आम्ही बोळात कपासाठी भांडत असताना साहेबांनी बाईंना विचारलं होतं, "आपली नेमकी अडचण काय आहे?" आणि 'आपली' अडचण सांगायला आत त्याच होत्या. शेजारच्या बाई म्हणाल्या की ह्या वेळेवर पोचणार कशा, हाच मूळ प्रश्न आहे. साहेब म्हणाले, मग तो तर सुटण्यासारखा आहे. नव्या वसाहतीतून पहाटे एक खास बस सोडू, थेट पेठेपर्यंत. सहाच्या आत पोचवेल. कार्यकर्त्याने मान डोलावली. बाईंना क्षणभर काहीतरी खटकलं असावं, असं मी स्वतःची समजूत घालायला म्हणते. पण त्यांनीही मान डोलावली. त्यांचा प्रश्न सुटला होता. आमचं घर जायचं ते जाणारच होतं, भांडी मात्र वेळेवर घासली जाणार होती.

मी म्हणाले, "पण घराचं काय?" साहेब माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाले, "काय शिकतेस तू? कॉम्प्युटर? वा! ही सगळी प्रगती तुमच्यासाठीच आहे." आणि पुढच्या भेटीसाठी घंटी वाजवली.

बाहेर पायऱ्यांवर उभं राहून बाईंनी जाहीर केलं, "मैत्रिणींनो, आपण जिंकलो! शासनाने बस मान्य केली!" टाळ्या पडल्या. बाई जिंकलो म्हणतात म्हणजे जिंकलोच असणार. पेठेतल्या बायकांनी पेढे काढले. ते आधीच आणून ठेवले होते, हेही विशेषच. आईच्या हातावर पेढा ठेवला गेला. तिने तो खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला आणि मला हळूच विचारलं, "म्हंजी जायचंच?"

"हो."

"मंग जिंकलो काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती कामाला गेली.

दिवाळी झाल्यावर घरं पाडली. आम्ही हडपसरच्या पलीकडे गेलो. खोली पक्की होती, नळ होता, संडास होता. पाणी चौथ्या मजल्यावर चढत नसे, पण ते किरकोळ. बस खरोखर सुरू झाली. पहिल्या दिवशी तिला हार घातला, नारळ फोडला, कार्यकर्त्याचा फोटो पेपरात आला. पुढचा पावसाळा येईपर्यंत ती चालली. मग उशिरा यायला लागली, मग एक दिवसाआड, मग 'तूर्त बंद'. हे तूर्त अजून चालू आहे. ज्यांनी ती बस मागितली होती त्यांच्यापैकी कुणीही ती बंद झाल्यावर मोर्चा काढला नाही. तोवर पेठेत वॉचमनच्या बायका कामाला मिळायला लागल्या होत्या, जवळच राहणाऱ्या. आई पहाटे गाडीतळाच्या बसस्टँडपर्यंत चालत जायची, दोन बस बदलायची, आणि उशिरा पोचली की ऐकून घ्यायची. एकेक करून सगळी कामं सुटली. शेवटचं प्राध्यापक बाईंचं. त्यांनी फोन केला, फार हळवेपणाने. "मावशींची ओढाताण मला बघवत नाही गं," म्हणाल्या. त्यांना बघवत नव्हतं म्हणून आईचं काम गेलं.

उसाच्या रानांत मग काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आई त्यांतल्या एकीत झाडूपोछाला लागली, निळा गणवेश घालून. तिथे कागदाचे कप होते. प्यायचं आणि फेकायचं. सुरुवातीला ती ते कचऱ्यातून काढून धुवायला बघायची, म्हणून सुपरवायझरने तिला झापलं. माझा कोर्स मात्र पुरा झाला, तिच्या त्या नोकरीवर. पुढे मीही तसल्याच एका काचेच्या इमारतीत टेस्टिंगच्या कामाला लागले, दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. त्यात मी हुशार निघाले. यथावकाश हडपसरला फ्लॅट घेतला आणि आईचा गणवेश बंद केला.

ओढ्याकाठचा रस्ताही झाला. तुम्ही जाऊन बघा. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात आणि मधे ट्रॅफिक तुंबलेलं असतं.

गेल्या वर्षी प्राध्यापक बाईंचा फोन आला. शहरातल्या जनआंदोलनांवर त्या पुस्तक करत होत्या आणि त्यांना आईची आठवण ध्वनिमुद्रित करायची होती. आल्या. खूप थकल्या होत्या, काठी होती, पण आवाज तोच. फ्लॅट बघून त्यांना मनापासून आनंद झाला. "बघ, कुठून कुठे आलीस!" म्हणाल्या. मोबाईल टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मावशी, आपल्या त्या विजयी मोर्चाबद्दल सांगा."

आई म्हणाली, "लई ऊन होतं."

"आणि आत साहेबांसमोर?"

"चहा चांगला होता."

बाईंनी आणखी दोनतीनदा विचारलं, पण आईकडून त्यापलीकडे काही निघालं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच सगळी हकीगत मोबाईलला सांगितली, बससकट. मी चहा आणला. बाईंनी चहा संपवला आणि सवयीने कप आईच्या दिशेने सरकवला.

आई जागची हलली नाही. शांतपणे म्हणाली, "बाई, बेसिन त्या बाजूला हाय. आपला कप आपन इसळायचा. तुमच्याच घरातली रीत."

बाई गोंधळल्या, मग उठल्या. काठी टेकत बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला, कप धुतला. कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून हातात घेऊन उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तितंच, पालथा." मला वाटलं होतं, हे बघून मला फार बरं वाटेल. तितकंसं वाटलं नाही. ओला कप धरून उभी असलेली ती एक म्हातारी बाई होती, आणि माझं इंग्रजी तिचंच होतं.

मी त्यांना खाली रिक्षात बसवून वर आले, तर आई टेबलापाशी तशीच बसलेली होती.

"एक इचारू?" म्हणाली. "त्या दिशी मी कप घिऊन भाईर गेली नसती, तर आपलं घर ऱ्हायलं आसतं का गं?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. तो प्रश्न तिने एवढी वर्षं आत धरून ठेवला होता.

"नाही, आई," मी म्हणाले. "त्यांचं आधीच ठरलं होतं. पेढेसुद्धा आणून ठेवले होते. तू खुर्चीवर बसून राहिली असतीस, तर तुझ्यासमोर सांगितलं असतं, इतकंच."

आईने टेबलावरचा चहाचा डाग पदराने पुसला.

"तेवढं तरी झालं आसतं," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडं बघून 'जा' म्हनावं लागलं आसतं त्यांना."